सुट्टीत थांबणारा खोकला

मिरचीच्या पोत्यांमध्ये वाढलेल्या मुलीला खोकल्यानं धरावं, याचं आम्हां दोघींना आधी हसूच आलं होतं.

ती धुळ्याची. तिच्या पणजोबांच्या वेळी घराणं राजस्थानातून इकडे आलं आणि मिरचीच्या व्यापारात पडलं. खाली दुकान आणि गोदाम, वर राहायचं घर. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा जिना चढतानाच मला शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी. ती वरच्या पायरीवर उभी राहून हसत होती. "अजून पोतं फोडलंसुद्धा नाही," म्हणाली. लहानपणी दुपारच्या वेळी ती त्या पोत्यांवर झोपायची, असं तिच्या मम्मीनं मला सांगितलं. घरात मारवाडी, माझ्याशी मराठी, आणि खाली दुकानात खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकांशी फाडफाड अहिराणी, असं तिचं बोलणं होतं.

मी पहूरची. आमच्याकडे कापूस आणि थोडी केळी. घरात मुलींमध्ये पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. एम.एस्सी.ला जळगावला गेले तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, सगळ्या गावाला सांगितलं की पोरगी केमिस्ट्री शिकते, आणि गावातले लोक मला तापावरची गोळी कोणती घ्यायची ते विचारायला लागले.

वर्गात आमचे रोल नंबर शेजारी शेजारी होते. त्यामुळे लॅबमधलं टेबल एक आलं. टेबल एक म्हणून डबा एक झाला आणि पहिल्या सत्रातच आम्ही खोलीही एक केली. कॉलेजपासून चालत जाण्यासारखी, गच्चीवरची, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी खोली. जळगावचा उन्हाळा काय असतो ते तिला सांगायची गरज नव्हती, धुळ्याचाही काही कमी नसतो. आम्ही दुपारी फरशीवर पाणी ओतायचो आणि त्या ओल्या फरशीवर पालथं पडून रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम पाठ करायचो.

तिचं घर जैन, म्हणून कांदा-लसूण नाही, वांगं नाही. माझी आई मात्र दर आठवड्याला कुणाच्या तरी हाती भरीत पाठवायची. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा ती खिडकीजवळ जाऊन बसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "वास वाईट नाही." तिसऱ्यांदा माझ्या आधी तिनंच डबा उघडला. "मम्मीला बोलू नको हं," एवढंच म्हणाली. त्या बदल्यात तिच्या घरचे मेथीचे खाकरे मी संपवायचे.

पहिल्या वर्षी सगळेच विषय असतात. मला इनऑरगॅनिक आवडायचं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. रंग. पाण्यात गुलाबी दिसणारं कोबाल्टचं मीठ, त्यात आम्ल ओतलं की निळं होतं. निकेलच्या द्रावणात एका रसायनाचे दोन थेंब टाकले की कुंकवासारखा लाल साका खाली बसतो. एकदा लोखंडाचं एक कॉम्प्लेक्स करताना बीकरमध्ये पोपटी हिरवे खडे तयार झाले, ते मी इतका वेळ बघत बसले की सर म्हणाले, "अहो, वजन करा आता त्यांचं."

तिला ऑरगॅनिक. "तुझं इनऑरगॅनिक म्हणजे रंगपंचमी," ती म्हणायची.

"आणि तुझं ऑरगॅनिक म्हणजे पांढऱ्या पावडरींचं दुकान. बठ्ठ्या, सगळ्या सारख्याच."

"म्हणून तर मजा आहे. दिसायला सारख्या. त्यांच्यातली कोणती कोण आहे ते शोधायचं."

तिचा हात वेगळाच होता. आम्ही बाकीचे सगळे क्रिस्टल पडावेत म्हणून घाई करायचो. फ्लास्क बर्फात खुपसायचो, काचेच्या कांडीनं आतून खरडायचो, आणि मग चिखलासारखा गोळा गाळून घ्यायचो. ती गरम द्रावण गाळून झाकून ठेवायची आणि त्याकडे बघायचीसुद्धा नाही. घाईनं खडा बांधला की त्यात घाण अडकून राहते, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण थांबता तिलाच यायचं. आम्ही प्रॅक्टिकल संपवून भांडी धुवायला लागलो की मग ती झाकण काढायची. आत लांब, सरळ, चकचकीत सुया. मॅडम त्या सगळ्या बॅचला दाखवायच्या. ती तेव्हा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. तिचा आनंद असाच असायचा.

दुसऱ्या वर्षी विषय निवडायचा होता. इनऑरगॅनिकला आमच्याकडे मुलं कमी जायची, कंपनीत विचारत नाहीत म्हणून. मी लोकांना तेच कारण सांगितलं. पण खरं म्हणजे मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी उभं राहायचं नव्हतं. मी ऑरगॅनिक घेतलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"रंगपंचमी सोडली?"

"तुझ्या टेबलावर दुसरं कोणी आलेलं मला चालणार नाही," मी म्हणाले. ती एवढी खूश झाली की त्या संध्याकाळी तिनं मला बाहेर नेऊन शेवभाजी खाऊ घातली.

प्रोजेक्ट सुरू झाले. एकाच मॅडमकडे दोघी. माझ्या वाट्याला गंधकाचे पदार्थ आले. त्यांचा वास केसांत, ओढणीत, पुस्तकांच्या पानांत जाऊन बसायचा. मी एसटीत चढले की कंडक्टर विचारायचा, सिलिंडर कुणी आणलंय का. तिच्या वाट्याला आलं फ्थॅलिक अनहायड्राइड. पांढरे, चकचकीत पापुद्रे. ते कुटायचे, तोलायचे, गरम करायचे, आणि त्यापासून एकामागून एक नवे पदार्थ तयार करायचे. गरम केलं की त्याची वाफ वर चढते आणि फ्लास्कच्या मानेत थंड होऊन तिथंच पांढऱ्या काड्या धरतात. तिला ते फार आवडायचं. "बघ, न विचारता स्वतःच क्रिस्टल होतं हे," ती म्हणायची आणि वाकून बघायची.

धुराच्या कपाटात, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या काचेच्या पेटीत, काम करायचं असतं हे आम्हांला माहीत होतं, आणि आम्ही करायचोही. पण तोलायचा काटा बाहेरच्या टेबलावर असायचा. पावडर कुटतानाही बाहेरच उभं राहायची सवय. मास्क होते, गळ्यात लटकवलेले. सगळेच तसं करायचे आणि कुणालाच काही झालेलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता तिला खोकला सुरू झाला. आधी नाक वाहायचं, मग संध्याकाळी खोलीवर आलं की कोरडा, थांबवूनही न थांबणारा खोकला. घरमालकीण काकूंनी हळदीचं दूध दिलं. मी आलं किसून मध दिला. दिवाळीला ती धुळ्याला गेली. तिथून फोन आला तर हसत होती. "बठ्ठं बरं शे. मिरचीच्या गोदामात बसलेय आणि एक खोकला नाही. आता बोल."

सुट्टी संपवून परत आली. दोन-चार दिवसांत खोकला परत आला. मग तर रविवारी कमी आणि आठवडा चढत जाईल तसा जास्त, असं व्हायला लागलं. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायची. जिने चढताना माझ्या मागे राहायला लागली. मीच मागे लागून तिला धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी तिनं सर्दी आहे एवढंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, कागदावरची रेघ बघितली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "सुट्टीत थांबतो का खोकला?"

"हो," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की मी वळून तिच्याकडे बघितलं. तिला कधीचंच कळलेलं होतं. माझ्याशी एकाच खोलीत झोपत होती, एकाच ताटात जेवत होती, आणि हे तिनं एकटीनं धरून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी कशावर काम करते ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते म्हणाले, शरीरानं त्या पावडरीला आता शत्रू म्हणून ओळखून ठेवलंय. पुढे चिमूटभर जरी हवेत असली तरी ते ओळखणार, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त चिडणार.

"मास्क नीट लावला तर?"

"नाही."

"दुसरी केमिकल घेतली तर? ही सोडून?"

"श्वासाच्या नळ्या आता हळव्या झाल्यात. दुसऱ्या कशानंही आवळतील. हे सोडावं लागेल, बेटा."

"किती दिवस?"

डॉक्टर औषधं लिहायला लागले. तिनं परत विचारलं नाही.

जळगावला परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पारोळा गेल्यावर म्हणाली, "घरी सांगायचं नाही."

तिनं मोठा मास्क मागवला, दोन्ही गालांवर डबे असलेला. आठवडाभर घरमालकीण काकूंच्या पोरांनी तिला हत्ती म्हणून चिडवलं आणि तीही त्यांच्यासमोर सोंड हलवून दाखवायची. मॅडमना तिनं डॉक्टरांचं अर्धंच सांगितलं. मी काटा उचलून धुराच्या कपाटात नेऊन ठेवला. तिची पावडर मी कुटून द्यायला लागले. औषधाचा पंप चालू होता, त्यानं बरंही वाटत होतं, आणि तिला वाटलं, जमेल. मलाही वाटलं.

त्या दुपारी मी काचेची भांडी धूत होते. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर ती टेबल धरून उभी होती आणि एका हातानं मास्क ओढून काढायचा प्रयत्न करत होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज. ओठ जांभळे पडायला लागलेले. आम्ही तिला उचलून बाहेर व्हरांड्यात आणलं, तिथून रिक्षात. रिक्षात तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिथे तिची नखं उमटली. ती काही बोलू शकत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती. आणि मी सारखी म्हणत होते, "झालं, आला दवाखाना, झालं." दवाखाना बराच लांब होता.

तोंडावर वाफेचा मास्क चढला, इंजेक्शनं झाली. संध्याकाळपर्यंत ती उशीला टेकून बसण्याइतकी झाली. तेवढ्यात तिचे पप्पा पोचले. फोन गेला तसे ते दुकानातून उठून गाडीत बसले होते. अंगावर तोच दुकानातला सदरा, बाह्यांवर तिखटाचे लालसर डाग. ते धावत पलंगाजवळ आले, वाकून त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि ती खोकायला लागली.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नर्सनं त्यांच्या सदऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर व्हा. तुमच्या कपड्यांनी होतंय तिला."

ते दोन पावलं मागे सरले, मग दारापर्यंत गेले. दाराच्या चौकटीत उभे राहून आपले हात बघत होते. ज्या मुलीला त्यांनी मिरचीच्या पोत्यांवर खेळवलं होतं, ती आता त्यांच्या सदऱ्यानं घुसमटत होती. मी बाहेर गेले तर बाकावर बसून म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, हिला मिरचीनं काही होईल. म्हणून शिकायला पाठवली. या धंद्यातून बाहेर पडेल म्हणून." मग डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला आणि हाताला तिखट असेल हे आठवून तसाच खाली आणला.

त्यानंतर ती लॅबमध्ये कधी आली नाही. मॅडम तिच्यासाठी बरंच झटल्या, पण प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टशिवाय ही पदवी पुरी होत नाही. खोली रिकामी करायला ती आली नाही, तिची मम्मी आली. आम्ही दोघींनी मिळून तिचं सामान बांधलं. तिच्या मम्मींना कपाटात माझ्या घरचा भरिताचा रिकामा डबा सापडला. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या सामानात ठेवून दिला.

धुळ्याला त्यांनी दुकानावरचं घर सोडलं आणि देवपुरात भाड्यानं घर घेतलं. तिचे पप्पा रोज दुकानातच अंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचे. मी गेले की मलाही तेच करावं लागायचं. बाहेरच्या न्हाणीघरात अंघोळ, केसांवरून पाणी, आणि तिच्या मम्मींचा एक पंजाबी ड्रेस, जो माझ्यासाठीच म्हणून खुंटीला असायचा. माझी पिशवी, माझे कपडे, सगळं अंगणात. मग आत जाऊन तिच्याजवळ बसायचं. सुरुवातीला आम्ही यावर खूप हसायचो. "सोवळ्यात आली बघ," ती म्हणायची.

मी एकदा तिला म्हणाले, "मी पण सोडते. माझं तरी काय अडलंय यात? मी तुझ्यासाठी घेतलं होतं ऑरगॅनिक."

ती एवढी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. "म्हणजे दोघींचं गेलं. एवढंच होईल त्यानं. तू सोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मग मॅडमनी तिचे राहिलेले पदार्थ माझ्याकडे दिले. ते कुणीतरी पुरे करायला हवे होते. मी तिला फोन करून विचारलं. आधी तिनं किती पदार्थ राहिलेत ते विचारलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तूच कर."

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आज काय लावलंस?" मी सांगायची. अमुक वापरलं, इतका वेळ तापवलं, टीएलसीच्या पट्टीवर दोन ठिपके दिसले, म्हणजे अजून शुद्ध नाही. ती तिकडून सांगायची, वरचा ठिपका कशाचा असेल. एका पदार्थाचे क्रिस्टल काही केल्या येईनात, नुसता तेलकट थर. मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "हात लावू नको. झाकण ठेव आणि निघून जा. चहा पी. बाजारात जा. मला फोनसुद्धा करू नको."

मी तसं केलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत सुया. तिच्या यायच्या तशा. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे फोटो काढून तिला पाठवला. तिनं तो लगेच बघितला आणि काहीतरी लिहितेय, हे मला फोनवर दिसत होतं. लिहिणं थांबलं. परत सुरू झालं. परत थांबलं. मेसेज आला तो दुसऱ्या दिवशी. "छान आलेत."

त्यानंतर संध्याकाळचे फोन कमी झाले. ती दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली होती, तीच वेळ असते, असं ती म्हणाली. मला खरंच वाटलं ते.

परीक्षा झाल्यावर मी तिच्याकडे गेले. अंघोळ, केस, मम्मींचा ड्रेस. तिच्या खोलीत गणिताची पुस्तकं, एक फळा. मी मॅडमनी पीएच.डी.साठी विचारल्याचं सांगितलं, आमच्या कामाचा लेख लिहायचा म्हणतात तेही सांगितलं, त्यात तुझंही नाव असणार म्हणाले. ती हो हो करत होती. मग तिनं विचारलं, "त्या शेवटच्या पदार्थाचा मेल्टिंग पॉइंट आला का नीट?" मी सांगायला लागले. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघत नाहीये. ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं, पण इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं होतं.

"काय झालं?"

"अंघोळीनं वास जातो तुझा," ती म्हणाली. "पण तू अंघोळ करतेस, मम्मीचे कपडे घालतेस, इथे येऊन बसतेस, आणि मग जे बोलतेस ते सगळं तिथलंच असतं."

"तूच विचारतेस गं."

"हो. मीच विचारते. मला विचारल्याशिवाय राहवत नाही." तिचा आवाज चढला आणि तिला धाप लागायला लागली. मी उठले, तिनं हातानंच मला बस म्हटलं. उशीखालचा पंप काढून ओढला, डोळे मिटून थांबली. मग हळू म्हणाली, "तू येऊ नको काही दिवस. मी सांगेन तेव्हा ये."

"बरं, दुसरं बोलू. लॅबचं नाहीच बोलणार मी."

"बोलून बघ," ती म्हणाली.

आणि आम्ही खरंच बोलून बघितलं. तिनं माझ्या आईची चौकशी केली. मी तिच्या शिकवणीच्या मुलांची. उन्हाळा किती आहे ते झालं.  दीड वर्ष एका टेबलावर, एका खोलीत काढलेल्या आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून होतो आणि आम्हांला बोलायला काही सापडत नव्हतं.

तिच्या मम्मींनी निघताना खाकऱ्यांचं पाकीट दिलं. मी अंगणात माझे कपडे परत घातले. ती दारापर्यंत आली नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. मी ओढणी तोंडावर धरून रडत होते ते तिला दिसलं. तिनं पाठीवर हात ठेवला. "काय व्हयनं वं माय? कोनी गयं का?"

कुणी गेलं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं. "मंग?" तिनं विचारलं.  एरंडोलपर्यंत तिचा हात माझ्या पाठीवर होता. तिथे ती उतरली.

मी सांगेन तेव्हा ये, असं ती म्हणाली होती. तिनं सांगितलं नाही. मी अधूनमधून मेसेज करायची, उत्तर यायचं, नीट आणि थोडक्यात. सुट्टीत पहूरला गेले की आई विचारायची, "तिचा फोन नाही येत का वं आता?" आणि मी काहीतरी कामाचं निमित्त सांगायची. लेख छापून आला. त्यात तिचं नाव पहिलं होतं, मॅडमनी आणि मी ते आधीच ठरवलं होतं. मी त्याची प्रत पोस्टानं पाठवली. ती मिळाल्याचं तिच्या पप्पांनी कळवलं. "बेटा, तिनं नाव बघितलं," एवढंच ते फोनवर म्हणाले.

मी पीएच.डी. केली. एका कॉलेजात नोकरी लागली. माझा हात ऑरगॅनिकला बसत गेला, लोक नावाजायला लागले. ज्या विषयात मी तिच्या सोबतीसाठी आले होते, तो माझा झाला आणि तिचा राहिला नाही. कधी एखाद्या फ्लास्कमध्ये फार सुंदर क्रिस्टल आले तर मी ते लवकर गाळून मोकळी होते.

तिच्या लग्नाला गेले होते. पुण्याचं स्थळ, तिच्या आजाराची माहिती असून पसंत केलेलं. मी जाण्याआधी लॅबपासून लांब राहिले, नवे कोरे कपडे घेतले, केस पुन्हा पुन्हा धुतले. स्टेजवर रांगेतून पुढे गेले. तिनं चुनरीतून माझ्याकडे बघितलं, माझा हात धरला. मागून कुणीतरी म्हणालं, पुढे चला, पुढे चला. फोटो निघाला आणि मी खाली उतरले.

आणखी काही वर्षांनी चाळीसगावला प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. दिवसभर मुलांच्या बॅचेस. संध्याकाळी जळगावची गाडी पकडायला स्टेशनवर आले तर प्लॅटफॉर्मवर, पाण्याच्या टाकीजवळ, ती. शेजारी एक लहान मुलगी, दोन बॅगा. पुण्याहून आलेल्या गाडीतून उतरली होती आणि धुळ्याच्या पॅसेंजरची वाट बघत होती.

तिनं मला माझ्या आधी बघितलं होतं. हसली, बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे यायला निघाली. मी हात वर केला. थांब, अशी खूण केली. मग माझ्या साडीकडे बोट दाखवलं.

ती जागच्या जागी थांबली. तिला कळलं. आमच्यात चहावाल्याची एक गाडी आणि एक बाक एवढं अंतर होतं, मधून माणसं जात-येत होती.

"कशी शे?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"बरी शे. तू?"

"बरी. पंप पर्समध्ये असतो. पण बरी." मग थोडं थांबून म्हणाली, "जाड झालीस."

"तू पण."

तिची मुलगी तिचा हात ओढत विचारत होती, ती मावशी लांब का उभी आहे. तिनं खाली वाकून तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. माझ्याजवळ पर्समध्ये चॉकलेट होतं. मी ते काढलं आणि परत आत ठेवलं, कारण पर्स दिवसभर लॅबच्या टेबलावर होती.

"पुण्याला ये ना कधी," ती म्हणाली.

"येईन."

पॅसेंजर लागली. तिनं बॅगा चढवल्या, मुलीला उचलून आत घेतलं. मला धावत जाऊन बॅग उचलून द्यायची होती, आणि मी बाकाची पाठ धरून उभी होते. एका हमालानं तिला मदत केली. खिडकीतून मुलीनं टाटा केला. तिनं नाही केला. ती नुसती बघत होती आणि तिचे डोळे भरले होते हे मला एवढ्या लांबूनही दिसलं. गाडी धुळ्याच्या बाजूला निघून गेली. मी आणखी दोन गाड्या सोडून मग जळगावच्या गाडीत बसले.

पुण्याला मी गेलेले नाही.

दर वर्षी पर्युषण संपलं की तिचा मेसेज येतो. कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, मिच्छामि दुक्कडम्, आणि खाली जोडलेले हात. तो सगळ्यांना एकदमच पाठवलेला असतो, हे मला कळतं. पहिल्या वर्षी मी त्याला उत्तर म्हणून पानभर लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं. दुसऱ्या वर्षी, तू माझी क्षमा कशाला मागायची, एवढंच लिहिलं आणि तेही पुसलं. आता मी जोडलेले हात परत पाठवते. दोन निळ्या खुणा उमटतात. मग मी फोन पालथा ठेवते आणि बॅचवर जाते.